हलणाऱ्या हातातलं दूध

माझ्या आजाराविरुद्ध गावातल्या बायकांनी लेखी तक्रार केली, आणि तीही दूध संस्थेच्या तक्रारवहीत. तक्रार अशी होती: टेस्टरबाईंचा हात सारखा हलतो, त्यामुळे नमुन्याचं दूध बाटलीतल्या बाटलीत घुसळलं जातं, लोणी काचेला चिकटतं आणि मशीनला फॅट कमी लागते. खाली अकरा सह्या होत्या. ती वही माझ्याच टेबलाच्या खणात असते, त्यामुळे ती पहिल्यांदा वाचली मीच. वाचून मला खो खो हसू आलं. मग सह्या कुणाकुणाच्या आहेत ते बघितलं आणि हसू थांबलं. त्यातल्या चार जणींच्या लेकींच्या बारशाला मी पाळणा म्हटला होता.

कोल्हापुरापासून अर्ध्या तासावर आमचं गाव. गावात बायकांनी चालवलेली दूध संस्था आहे, तिथं मी चौदा वर्षं टेस्टर आहे. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी सहा ते आठ असं दोन वेळचं काम. बाई किटली घेऊन येते, मी तिच्या दुधातून छोट्या बाटलीत नमुना घेते, बाटली मशीनच्या नळीखाली ठेवते, सभासद नंबर दाबते आणि फॅटचा आकडा छापून पावती बाहेर येते. त्या आकड्यावर दर ठरतो. पण आमच्याकडे फॅट म्हणजे नुसता दर नाही. सात लागली की बाई घरी जाताना वाटेत दोन ठिकाणी थांबून बोलते, सहा लागली की पदर सावरत सरळ घर गाठते.

तर त्या तक्रारीखाली, रिकाम्या ओळीत, मी माझ्या बारक्या झालेल्या अक्षरात उत्तर लिहिलं: ‘नमुना हलवूनच लावायचा असतो, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. माझा हात ते काम आपोआप करतो.’ खाली तारीख टाकून सही केली. तसं लिहायला नको होतं हे मला लिहितानाच कळत होतं, पण राग आला की माझा पेन थांबत नाही. हात थांबत नाही ते वेगळं.

हे सुरू झालं त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासायला लागलं, आपलं आपण. मी मशीनकडं बघत असायची आणि बोटं खाली स्वतःचा उद्योग करत असायची. वरल्या गल्लीतल्या काकूंनी ते पहिल्यांदा पाहिलं. या काकू म्हणजे आमच्या संस्थेतल्या सगळ्यात जास्त दूध घालणाऱ्या, सात म्हशींच्या मालकीण, आणि बोलायला लागल्या की कुणाला न ऐकणाऱ्या. त्या म्हणाल्या, “काय गं, जप करतीस व्हय?” रांगेतल्या सगळ्या हसल्या, मीही हसले.

मग चालताना उजवा हात अंगाला चिकटून राहायला लागला. मग सही आकसली. शेवटी नवऱ्यानं एका शनिवारी मला गाडीवर बसवून राजारामपुरीत मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, खाली कोचिंग क्लास. जिन्यावर पोरं घोळक्यानं उभी होती, त्यांच्यातनं वाट काढत वर जाताना माझा पाय एका पायरीवर जमिनीला खिळल्यासारखा अडकला. मागच्या पोरीला वाटलं मी मुद्दाम उभी राहिले. तिनं मला “सॉरी काकू” म्हणून वळसा घातला. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि मला पायाच्या आधी त्या ‘काकू’चा राग आला.

डॉक्टरांनी बोटं टिचकवायला लावली, कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, कागदावर पत्ता लिहायला लावला. गावाच्या नावापर्यंत येता येता अक्षरं मुंगीएवढी झाली. त्यांनी सांगितलं की हा कंपवात आहे, पार्किन्सन म्हणतात तो. तरुण वयातही होतो. बरा होत नाही, पण गोळ्यांवर ताब्यात राहतो. नवऱ्यानं विचारलं, हे पोरांना लागतं का. मी विचारलं, नोकरी करता येईल का. डॉक्टर म्हणाले, करता येईल तेवढी वर्षं कराच, घरी बसलात तर लवकर आखडाल. माझ्या कानात फक्त ‘कराच’ एवढं राहिलं.

गाडीवरून परत येताना आम्ही दोघांनी एक खोटं ठरवलं. गावात सांगायचं की अशक्तपणा आहे, बी-ट्वेल्व कमी आलंय. ते खोटं नवऱ्याचं होतं असं मी पुष्कळ दिवस मनात म्हणत आले, पण त्याला मान मीच डोलावली होती. आजाराचं नाव सांगितलं की लोक दारात येऊन चेहरा पाडून बसतात, आणि ते मला बघवलं नसतं. पण झालं असं की खरं नाव कुणाला ठाऊक नाही, म्हणून प्रत्येकीनं आपापलं कारण शोधलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं मशीनच्या करंटमुळं. आणि दूधवाल्या बायकांनी दूधवाल्यांच्या डोक्यानं विचार करून घुसळण्याचा शोध लावला.

तक्रारीनंतर आठवड्यानं कमिटीची मीटिंग झाली. आमच्या चेअरमन म्हणजे गावच्या सगळ्यांच्या वहिनी. स्वभावानं मायाळू, आणि त्यामुळंच त्यांच्याशी भांडणं अवघड. त्यांनी मला चहा दिला, शेजारी बसवलं आणि सांगितलं की त्यांनी सगळा विचार करून ठेवलाय. मी टेबलावर नुसतं बसायचं, सह्या करायच्या, पगार तोच. मशीनवर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली नवी मुलगी बसेल. माझ्या भल्यासाठीच. कमिटीतल्या बाकीच्या बायका खाली बघत होत्या. कुणाचं निधन झालं की सांत्वनाला आलेल्या बायका जशा बसतात, तशा.

मी म्हणाले, मला नको. वहिनींना वाटलं मला पगाराची शंका आहे, त्यांनी परत सांगितलं की पगार तोच. मी परत म्हणाले, नको. मला जे म्हणायचं होतं ते तिथं नीट म्हणता आलं नाही, इथं म्हणते. घरात मी सून आहे, वावरात बिनपगारी मजूर आहे, माहेरी चंदगडला मी लांब दिलेली पोर आहे. पहाटे साडेपाचला त्या शटरच्या आत मात्र माझा शब्द चालतो. साठ-सत्तर बायका त्या आकड्यावर विश्वास ठेवतात कारण तो मी लावलेला असतो. सह्या करायला बसवणं म्हणजे तो विश्वास काढून घेऊन वर पगाराचं पाकीट हातात ठेवणं. मला पाकिटाची दया नको होती.

शेवटी मी एवढंच मागितलं की माझी परीक्षा घ्या. सगळ्यांसमोर, त्यांच्या त्यांच्या दुधावर. माझा आकडा चुकला तर मी आपणहून उठेन. वहिनींनी सुस्कारा सोडला आणि पंधरा दिवसांनंतरचा रविवार ठरवला.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, कशाला अंगावर घेतेस, पगार देतायत तर बस की गप. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं म्हणजे माझीच पाचावर धारण बसली होती. कारण त्या महिन्यात गोळ्या चालतच नव्हत्या. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला होता, तरी सकाळच्या पाळीला हात जसाच्या तसा. दोनदा काकूंच्या दुधाचा नमुना माझ्या हातून टेबलावर सांडला होता. एकदा तर शटर उघडून आत पाऊल टाकताना उंबऱ्यावर पाय असा खिळला की पाच मिनिटं हलताच येईना, आणि बाहेर रांगेतल्या बायका किटल्या घेऊन उभ्या. त्यांना वाटलं मी देवाला हात जोडतेय.

म्हणून मी एकटीच बस पकडून राजारामपुरीत गेले. डॉक्टरांना सांगितलं, मला पंधरा दिवसांसाठी काहीतरी जालीम द्या. ते म्हणाले, असं नसतं. मग त्यांनी माझा अख्खा दिवस तासातासानं विचारायला सुरुवात केली. उठता कधी, खाता कधी, गोळी कधी, गुण कधी येतो, कधी उतरतो. मी सांगत गेले. गुण येतो का, तर क्वचित येतो, दुपारच्या गोळीचा थोडा, सकाळच्या गोळीचा नाहीच.

“सकाळची गोळी कशाबरोबर घेता?” त्यांनी विचारलं.

“दुधाबरोबर.”

त्यांनी पेन खाली ठेवला. “मी रिकाम्या पोटी घ्या म्हणालो होतो.”

“रिकाम्या पोटीच घेते की. काही खात नाही.”

“आणि दूध?”

“दूध म्हणजे काय जेवण असतंय व्हय डॉक्टर? उपासाला बी चालतंय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. या गोळीला पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला जो रस्ता आहे, त्याच रस्त्यानं दुधातली प्रथिनंही जातात. दोन्ही एकदम आली की गोळी मागं राहते. सगळ्यांनाच याचा इतका त्रास होतो असं नाही, म्हणाले, पण तुम्हाला होत असावा. किती दूध घेता? मी म्हणाले, मोठा पेला, तीन वेळा. ते म्हणाले, आधी कसं विचारलं नाही मी. हा मोठेपणा त्यांचा. पण कोल्हापुरात राहून, गोळी दुधाबरोबर घेऊ नका असं सांगायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. तेही कोल्हापूरचेच.

बसमध्ये मला खिडकी मिळाली. मी बाहेर बघत रडले, आणि ते दुःखानं नव्हतं, निव्वळ संतापानं होतं. दोन वर्षं मी माझ्या हाताला, पायाला, नशिबाला दोष देत होते. दोन वर्षं मी गोळी घेऊन वर तिच्यावर दूध ओतत होते, आणि ते दूध चांगलं सात फॅटचं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं काय झालं, तर मी म्हणाले डोळ्यात कचरा गेला.

खरी अवघड गोष्ट घरी होती. ते दूध मला कोण देत होतं, तर माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्ती पहाटे साडेचारला उठते, धार काढते आणि पहिल्या धारेचा पेला माझ्यासाठी बाजूला ठेवते. गोळी उष्ण पडते, म्हणून वर दूध पाहिजे, हे तिचं पक्कं मत. दोन वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता. स्वतःच्या पोराला तिनं इतकी वर्षं पहिल्या धारेचं दूध दिलं नसेल.

गोड शब्दात सांगायचं मी ठरवलं होतं. पण स्वयंपाकघरात गेले आणि सरळच सांगून टाकलं, की डॉक्टर म्हणाले दुधानं गोळी मारली जाते. आत्ती भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला.

“म्हंजी तुजं औषध मीच वाया घालवत हुतो?” ती म्हणाली.

मी म्हणाले, तुम्हाला काय माहीत, मलाही माहीत नव्हतं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि मीही तिला आग्रह केला नाही, कारण माझाही राग अजून गेला नव्हता. आता लिहिताना त्याची लाज वाटते. सकाळी उठले तर पितळेच्या त्याच पेल्यात पाणी होतं आणि आत्ती घड्याळासमोर बसली होती. गोळी घेतल्यावर तिनं मोठा काटा कुठं येईपर्यंत मला काही द्यायचं नाही ते स्वतःच ठरवलं. नवऱ्यानं चहाबरोबर बिस्कीट पुढं केलं तर त्याच्या हातावर तिनं फटका मारला. पंचेचाळिशीच्या माणसाच्या हातावर.

आठव्या दिवशी पहाटे मी शटर उघडलं आणि उंबरा ओलांडून आत गेले. मग थांबून मागं वळून उंबऱ्याकडं बघितलं, तो तिथंच होता. हात थांबला नव्हता, तो आजही थांबलेला नाही. पण कमी झाला होता. बाटली धरली की दूध बाटलीत राहत होतं, टेबलावर येत नव्हतं. गोळी घेतल्यापासून पाऊण तासानं माझं शरीर माझं होतं आणि तीनेक तास माझंच राहत होतं. मी कामाच्या वेळेला धरून गोळीची वेळ ठरवली, पहाटेची पावणेपाचला. आधी आजाराच्या वेळेत काम बसवायचा प्रयत्न चालला होता, तो सोडला.

रविवारी सकाळची पाळी आटोपायच्या सुमारास सगळ्यांना थांबवलं. तीस-चाळीस बायका होत्या, आपापल्या किटल्या घेऊन. कमिटी खुर्च्यांवर. वहिनींनी सभासदांच्या सभेच्या रिवाजाप्रमाणं सगळ्यांना पेल्यातून गरम दूध दिलं, मला पण दिलं, मी ते बाजूला सारलं. काकूंनी ते बघितलं. मग वहिनी बोलायला उभ्या राहिल्या. संस्थेची स्थापना कशी झाली इथपासून त्यांनी सुरुवात केली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझी गोळी पावणेपाचची होती आणि ती वहिनींच्या भाषणात संपून चालली होती.

मी उभी राहिले. म्हणाले, “वहिनी, माफ करा. माझ्या गोळीचा गुण साडेआठपर्यंतच हाय. परीक्षा आधी घेऊ, भाषण मागनं करा.”

वहिनी थांबल्या. कसली गोळी, असं त्यांनी विचारलं. बी-ट्वेल्वच्या गोळीला वेळ कशाला लागतो हे त्यांनाही ठाऊक होतं. नवरा दारात उभा होता, त्यानं मान हलवून नको नको केलं. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

“मला कंपवात झालाय,” मी म्हणाले. “अशक्तपणा न्हाय. तुमास्नी खोटं सांगितलं, ते चुकलं. हा आजार जायचा न्हाय. हात हलतोय, हलनारच. पण हात हलला म्हनून दुधाचं लोणी होत न्हाय, आनि माझं डोकं बी हलल्यालं न्हाय.”

मग मागून एकीनं विचारलं, दुधातनं पसरतो का. मी म्हणाले नाही. तिनं मान डोलावली, तिचं समाधान झालं. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी ते आधीच का बोलले नाही याचाच राग आला.

परीक्षा अशी ठरली होती: तक्रारीवर सही केलेल्या पाच जणींनी आपापल्या किटलीतून आपल्या हातानं एक नमुना घ्यायचा. मग त्याच किटलीतून मी एक घ्यायचा. दोन्ही मशीनला नव्या मुलीनं लावायचे. पहिलीचे दोन्ही आकडे सारखे आले. दुसरीचे सारखे. तिसरीत एका पॉइंटचा फरक पडला, तो कुणाच्याही हातून पडतो. चौथी सारखी. बायका कुजबुजायला लागल्या आणि त्या कुजबुजीत माझ्या बाजूचे आवाज मला ओळखू येत होते.

पाचव्या काकू. त्यांनी आपल्या मोठ्या किटलीचं झाकण काढलं, बाटली बुडवली, दिली. मग मी दुधात लांब दांड्याचा डाव खालपर्यंत फिरवला आणि माझा नमुना घेतला. काकूंच्या हातचा आकडा आला आठ पॉइंट सहा. माझ्या हातचा आला सात पॉइंट दोन.

काकूंनी काही आरडाओरडा केला नाही. पावत्या दोन्ही हातात धरून सगळ्यांना दाखवल्या आणि म्हणाल्या, “बगा.”

तेवढं पुरे होतं. माझा हात असा हलायला लागला की गोळी नसल्यासारखा. हा आजारच तसा, घाबरलं की दुप्पट होतो आणि लोक म्हणतात, बघा, आता खरं दिसलं. वहिनींनी माझ्याकडं त्याच नजरेनं बघितलं, सांत्वनाच्या. मी हात पदराखाली घ्यायला गेले आणि मध्येच थांबवला. राहू दे वर, म्हटलं. मी डोळे मिटून काकूंनी काय केलं ते आठवलं. चौदा वर्षं मी बायकांचे चेहरे नाही, हातच बघत आले आहे.

मी विचारलं, “काकू, धार कवा काढली?”

त्या म्हणाल्या, पाचला, रोजच्यासारखी.

पाचला काढलेलं दूध अडीच-तीन तास किटलीत न हलवता उभं होतं. साय वर आली होती. काकूंनी झाकण काढून बाटली वरच्या वर बुडवली होती, डाव फिरवलाच नव्हता. बाकी चौघींनी सवयीनं फिरवला होता, काकूंच्या घरी ही कामं सुना करतात. मी वहिनींना म्हणाले, तुम्ही या. तुमच्या हातानं डाव तळापर्यंत फिरवा, तुमच्या हातानं नमुना घ्या, आणि काकूंनाही परत घेऊ दे. मी हात लावत नाही. मी खरोखरच दोन पावलं मागं झाले.

वहिनींचा आकडा आला सात पॉइंट दोन. काकूंचा आला सात पॉइंट दोन.

कुणीतरी हसलं. काकू म्हणाल्या, “मग मशीनच खुळं हाय,” आणि खाली बसल्या. त्यांची चूक झाली असं त्यांनी कबूल केलं नाही, आजवर केलेलं नाही. मी तशी अपेक्षाही धरली नव्हती.

मग वहिनींनी जे विचारलं ते विचारणं भाग होतं, आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर विचारलं याबद्दल मी त्यांना मानते. आज जमलं, पण उद्या? दोन वर्षांनी? मी म्हणाले, ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी ते मला तुमच्या आधी कळेल, आणि मी स्वतः त्याच वहीत लिहीन. तोवर मला न विचारता माझ्या जागेवर कुणी बसायचं नाही. आणि मला एक उंच स्टूल पाहिजे, टेबलाला कड पाहिजे म्हणजे बाटली घसरणार नाही, आणि मोठे कॅन गाडीत चढवायचं काम नव्या मुलीनं करायचं, ते मला जमत नाही. ही विनंती नव्हती, आणि ती तशी वाटू नये म्हणून मी आवाज मुद्दाम चढवला. वहिनींनी लिहून घेतलं. स्टूल आठवड्यात आलं. टेबलाची कड नवऱ्यानं स्वतः पट्टी ठोकून बसवली.

मी जिंकले होते. आणि पुढचे तीन आठवडे माझ्या नोकरीचे सगळ्यात वाईट आठवडे गेले.

कारण आता सगळ्यांना आजाराचं नाव ठाऊक होतं. बायका मला जपायला लागल्या. किटली हळू ठेवायच्या. “दमलीस का” विचारायच्या. फॅट कमी लागली की पूर्वी जी बाई अर्धा तास वाद घालायची, ती आता पावती घडी करून म्हणायची, असू दे, असू दे. ते ‘असू दे’ मला तक्रारवहीतल्या अकरा सह्यांपेक्षा जास्त लागायचं. त्याचा अर्थ असा, की आकडा चुकला असणारच, पण बिचारी आजारी आहे, कशाला बोला. परीक्षा त्यांनी डोळ्यांनी बघितली होती आणि तरी मनात हाताचाच हिशेब धरला होता. मी घरी येऊन आत्तीवर चिडायचे. आत्ती म्हणायची, चांगलं वागलं तरी तुला चालत न्हाय. खरंच चालत नव्हतं.

मग एका मंगळवारी काकू आल्या. त्या आधीचे तीन आठवडे त्यांनी सुनेला पाठवलं होतं. मी डाव फिरवला, नमुना घेतला. हात नेहमीसारखा हलत होता, दोन थेंब कडेवर सांडले. पावती निघाली, सहा पॉइंट चार. काकूंनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, मग माझ्या हाताकडं बघितलं. मी मनात म्हटलं, आता ह्यांच्याही तोंडून ‘असू दे’ येणार.

“का गं,” काकू म्हणाल्या, “काल सात हुती. आज सहा चार कशी?”

“मला काय इचारताय काकू? म्हशीला इचारा की.”

“म्हशीला इचारतो मी. तू परत लाव.”

“परत लावून तेच येनार.”

“लाव म्हनतो न्हवं.”

मी दुसरा नमुना घेतला, बाटली पाच-सहा वेळा उलटीसुलटी केली, नळीखाली ठेवली. मागची रांग ओरडायला लागली की आवरा, दुधाची गाडी यायची वेळ झाली. काकू टेबलाला रेलून आकडा येईपर्यंत हलल्या नाहीत. सहा पॉइंट चार. त्यांनी दुसरी पावती पण ओढून घेतली आणि किटली उचलली. नव्या पेंडीला दोष देत, आणणाऱ्या नवऱ्याला दोष देत, म्हशीच्या सात पिढ्या काढत त्या दारातून बाहेर पडल्या, आणि वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. त्यात माझ्या हाताचं नाव कुठं नव्हतं.